‘स’ खाणारा कीबोर्ड

४ नोव्हेंबर, मंगळवार

कीबोर्ड ‘स’ खायला लागला आहे. मेला असता तर उचलून फेकला असता. हा जिवंत राहून चोरी करतो.

लोंढेसाहेब म्हणाले, चौकीपासून धरणाच्या दारापर्यंत साठ पावलं. कागदावर आलं, आठ पावलं. आठ पावलांत आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर येतं, धरण नाही. त्यांची मुलगी नम्रता मागची पानं वाचून दाखवत होती, तिने पकडलं. “बाई, हे आठ कसं हो?” मी म्हटलं, कीबोर्ड. ती काही बोलली नाही, पण भुवई बोलली. साहेब मात्र लगेच म्हणाले, “रणपिसेबाई चुकत नाहीत गं.”

नाहीच चुकत. चौतीस वर्षं कोर्टात स्टेनो होते. पहिल्याच दिवशी एका हेडक्लार्कने चष्म्यावरून बघत विचारलं होतं, “तुमच्याकडे न आणि ण वेगवेगळे असतात का हो?” तुमच्याकडे म्हणजे कुठे, ते मला बरोबर कळलं होतं. त्याच दिवशी ठरवलं, की समोरच्याने एकदा बोलावं आणि मी एकदाच ऐकावं. चौतीस वर्षांत एकाही जज्जाला मी ‘पुन्हा सांगा’ म्हटलं नाही. आमच्यात एक रंगराव होता, तो दर दोन ओळींनी म्हणायचा. त्याचं नावच ‘पुन्हासांगा’ पडलं. पुढे त्याला कोर्टाच्याच टपालाच्या टेबलावर बसवलं, पाकिटं चिकटवायला. नाव मीच पाडलं होतं. फार चपखल बसलं होतं.

लोंढे नावाचा माणूस जन्मभर पाटबंधारे खात्यात. हा विनोद साहेब आठवड्यातून एकदा स्वतःच करतात आणि मी आठवड्यातून एकदा हसते. वय चौऱ्याऐंशी, नजर गेलेली. अक्षर दिसत नाही, म्हणून ते सांगतात आणि मी टाईप करते. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दहा ते एक. त्यांच्या लॅपटॉपची बटणं पापडासारखी आहेत, म्हणून वारज्याहून बसने माझा कीबोर्ड पिशवीत घालून नेते. जानेवारीत त्यांच्या वाढदिवसाला पुस्तक छापून हातात यायला हवं. त्यांना ते वाचता यायचं नाही. मी जे लिहीन तेच त्यांचं आयुष्य म्हणून मागे राहणार. त्यात धरण आठ पावलांवर आलं तर काय कपाळ?

नवा कीबोर्ड घेणार. टिकणारा. दर वर्षी एक मारायचा मला कंटाळा आला आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांच्या शनिवार पेठेतल्या इमारतीखालीच योगेशचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. शासकीय मराठीत कीबोर्डला कळफलक म्हणतात. हा शब्द उच्चारून कुणाला कुठल्या दुकानात काही मिळाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. योगेशच्या दुकानात पाटी आहे, ‘आधी ठरवा, मग हात लावा’. मी म्हटलं, अहो, कीबोर्ड हात लावल्याशिवाय ठरवायचा कसा? तो म्हणाला, “ती पाटी वडिलांची आहे, मॅडम.”

मग त्याने प्रवचन दिलं. साध्या कीबोर्डात खाली रबराची एकच चादर असते, मी टाईपरायटरवर शिकलेली, मी हातोडे मारते, चादर दबते आणि संपते. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग. एक बिघडलं तर तेवढं चिमट्याने उपटायचं आणि नवं बसवायचं. हे ऐकून बरं वाटलं. स्विच तीन जातींचे. लाल सरळ खाली जातो, निळा आवाज करतो, ब्राऊन अर्ध्यावर बोटाला छोटंसं टेंगूळ दाखवतो. मी विचारलं, टेंगूळ कशाला, पैसे देऊन? तो हसला आणि काहीतरी पुटपुटला. हल्ली सगळेच पुटपुटतात. शाळेत मोठ्याने वाचन घेणं बंद केल्याचे हे परिणाम.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

चेतन म्हणाला, “आई, घ्यायच्या आधी माझा वापरून बघ, लाल स्विच आहे.” वापरला. खालून लाल, निळे, जांभळे दिवे धावतात. गणपतीच्या मांडवात बसून अर्ज टाईप करतेय असं वाटतं. बरं, अक्षरं छापलेली इंग्रजी. मला दिसायची गरज नाही, बोटांना मराठी पाठ आहे.

मग त्याने मला व्हिडिओ दाखवले. चांगली मिशा आलेली माणसं डोळे मिटून कीबोर्डचा आवाज ऐकतात आणि ‘अहाहा’ म्हणतात! आवाजाला नावं आहेत. थॉक म्हणे. क्रीमी म्हणे. हेडफोन माझ्या कानाला लावला, “ऐक ना, कसला भारी थॉक आहे.” गादीवर कुणी उशी टाकावी तसं काहीतरी आलं. मी म्हटलं, आवाज तरी वाढव. तो म्हणाला, “आई, फुल आहे.” आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत बसला. त्याच्या आवडीच्या वस्तूला नावं ठेवली की असाच बघतो, लहानपणापासून.

८ नोव्हेंबर, शनिवार

चेतनचा दिवेवाला नेला. साहेबांना दिवे दिसत नाहीत, तेवढी लाज वाचली.

हाही खातो! “रात्री पाणी सोडलं” असं सांगितलेलं, आणि छापून आलं “रात्री पाणी ओढलं”. विहीर आहे का ती, ओढायला? नम्रताने दुरुस्त करून दिलं आणि म्हणाली, “बाई, मोबाईलवर बोललं की आपोआप टाईप होतं हल्ली. बाबांना ते लावून देऊ का? तुमचा तेवढा वारज्याहून यायचा त्रास वाचेल.” माझ्या त्रासाची हिला फार काळजी. मी म्हटलं, लावून बघ. साहेबांनी मोबाईलला ‘सांडवा’ सांगितलं, त्याने ‘सँडविच’ लिहिलं. जास्तीचं पाणी धरणावरून वाहून जातं त्याला सांडवा म्हणतात, हे त्या डबड्याला कोण सांगणार! मी हसले नाही. मनात हसले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निळा घेतला. एक किलोच्या वर भरेल, पाटा उचलल्यासारखा लागतो. बटणं जाड प्लास्टिकची, अक्षर घासून जाणार नाही म्हणाला. योगेशने दोनदा विचारलं, “मॅडम, घरात चालेल ना? निळ्याचा आवाज फार असतो.” मी चार ओळी मारून बघितल्या. कसला आवाज? टाईपरायटर कसा, खोलीत शिरण्याआधी ऐकू यायचा. हा अगदी मुका. बोलक्यात मुका निघावा म्हणजे दुकानदाराची कमाल आहे. पण भारदस्त आहे, बोटाखाली हलत नाही. म्हटलं, द्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मैत्रीचं नाटक. मैत्री माझी सून, तिला घरून काम असतं. ती तिच्या खोलीत मीटिंगमध्ये, मी हॉलमध्ये हात बसवत होते. अर्ध्या तासाने दारात उभी. “आई, तीन वेळा हाक मारली. आमचे मॅनेजर विचारतायत, पुण्यात गारा पडतायत का?” मी म्हटलं, त्यांना सांग पुण्यात असलं काही होत नाही. ती म्हणाली, “आणि कुकर.” कुकरच्या तीन शिट्ट्यांनंतर गॅस बंद करायला मला सांगितलं होतं. कुकर एकदाही वाजला नाही. डाळ मात्र करपली. शिट्टी बदलायला झाली आहे हे तिला मी कधीची सांगते.

संध्याकाळी चेतनने आल्या आल्या टीव्हीचा आवाज कमी केला, जसा काही याच्या बापाचा टीव्ही. बापाचाच आहे म्हणा. सुखदेवनेच आणला होता. पण तो असता तर असा आगाऊपणा केला नसता.

मग दोघं स्वयंपाकघरात काहीतरी बोलत बसले. ‘कान’ एवढा शब्द कळला. एकमेकांचे कान भरताहेत, आणखी काय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण. साहेब तिशीत असताना एका लहान धरणावर होते, आडगावाला. तीन दिवस पाऊस, दार अडकलेलं, मध्यरात्री पाण्याची पातळी बघून त्यांनी एकट्याने निर्णय घेतला आणि खालचं गाव उठवायला धावले. वरिष्ठांना विचारलं नाही. पुढे चौकशी झाली, बढती अडली. गाव रिकामं झालं, पण पाणी गावात आलंच नाही, म्हणून लोकांनी त्यांनाच वेड्यात काढलं. पन्नास वर्षं मनात ठेवलेलं त्यांनी आज सांगितलं. आवाज अगदी खाली गेला होता.

मी एकदाही थांबवलं नाही. असल्या वेळी माणसाला थांबवायचं नसतं. निळ्यानेही काम चोख केलं. सहा पानं झाली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

नम्रताने ते प्रकरण वाचायला घेतलं. “धरणात पाणी आटलं आणि मी गाव उठवायला धावलो.” ती थांबली. साहेबही थांबले. साठलं म्हणायचं होतं. पाणी आटलं म्हणून गाव पळवणारा माणूस म्हणजे वेडाच, पन्नास वर्षांपूर्वी लोक म्हणत होते तसा. त्याच पानात अशा आणखी चार जागा निघाल्या.

मी तोंड उघडलं, “साहेब, हा कीबोर्ड…”

“तीन कीबोर्ड झाले, बाई,” साहेब म्हणाले. चिडून नाही. “तुम्ही चुकत नाही हे मला माहीत आहे. मीच म्हणालो असेन आटलं. मनात एक असतं आणि तोंडातून दुसरं जातं, हे माझ्या वडिलांचं शेवटी झालं होतं. आधी डोळे गेले, आता हे. थांबवू या. चुकीचं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं.” मग नम्रताला म्हणाले, “त्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घे.”

नम्रता रडायला लागली. मी ते पान कीबोर्डसोबत पिशवीत घातलं आणि खाली योगेशच्या दुकानात गेले, त्याला फाडून खायला.

त्याने कीबोर्ड लावला, एकेक बटण दाबून पडद्यावर दाखवलं. सगळी चालतात. ‘स’ शंभर वेळा दाबला, शंभर वेळा आला. मी म्हटलं, तुमच्यासमोर शहाण्यासारखा वागतो, वर गेला की खातो. पान पुढे केलं. योगेशने वाचलं, पुन्हा वाचलं आणि हळूच म्हणाला, “मॅडम, याने ‘स’ खाल्ला असता तर मागे नुसता काना राहिला असता. हा ‘आ’ आहे. आणि ठ चा ट पण झालाय. ही दुसरी बटणं आहेत. ती कुणीतरी दाबली आहेत.”

मी म्हटलं, मला टायपिंग शिकवू नका, तुम्ही चड्डीत होतात तेव्हापासून करते आहे. आणि तरातरा निघून आले. बसमध्ये बसल्यावर आठवलं, कीबोर्ड त्याच्याकडेच राहिला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चेतन ऑफिसला गेल्यावर त्याचा दिवेवाला घेऊन बसले. चिमटा त्याच्या खोक्यात होता. ‘स’ चं बटण काढलं, खालचा स्विच उपटला. तिथे आता नुसतं भोक. मग टाईप केलं, ‘पाणी साठलं’. पडद्यावर काय आलं? पाणी, मग ठिपक्यांचं एक वर्तुळ, त्याला लोंबकळणारा काना, आणि पुढे ठलं. दहा वेळा केलं. दहाही वेळा तेच लोंबकळणारं आलं. ‘आटलं’ एकदाही आलं नाही. येणारच नाही. यंत्राला चोरी करता येते, पण चोरलेल्याच्या जागी दुसरं शहाणपणाने ठेवता येत नाही. ते माणूस करतो. अर्धवट ऐकतो आणि उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो, तेही शुद्धलेखनाच्या चुकीशिवाय. लाल ते करत नव्हता, निळाही नाही. मी करत होते.

म्हणजे कुकर वाजत होता. मैत्रीने तीन हाका मारल्या होत्या. गाराही पडत होत्या. मी मेली शिट्टी बदलायला सांगत होते!

स्विच परत बसवला. घाईत त्याच्या तळाचे दोन धातूचे पाय वाकडे झाले. चेतनला सांगावं लागेल.

रंगराव दर वेळी डावा कान पुढे करायचा. आम्हाला वाटायचं, सवय. मी त्याची नक्कल करून दाखवायचे डबा खाताना, सगळे पोट धरून हसायचे. त्याला दिसत असे. त्याने एकदाही विचारलं नाही, का हसता. कुठे असेल, असेल का, कुणास ठाऊक. माझी मलाच इतकी चीड आली आहे की जेवण गेलं नाही.

आणि तिकडे तो म्हातारा स्वतःच्या डोक्यावर संशय घेऊन बसला आहे, कारण रणपिसेबाई चुकत नाहीत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

काम बंद झालं आहे, तरी नऊला साडी नेसून निघाले. अर्ध्या जिन्यावरून परत आले. मैत्रीने विचारलं, काय झालं? म्हटलं, पोट बिघडलंय. पोट ठणठणीत आहे.

दिवसभर मनात हिशोब. नाही सांगितलं तर काय होईल? पुस्तक राहील. साहेब डॉक्टरकडे जातील, ते म्हणतील डोकं उत्तम आहे, साहेबांचा विश्वास बसणार नाही. मी इथे बसून चुकत नाही ती बाई म्हणून मरेन. सांगितलं तर नम्रता म्हणेल, बहिरी टायपिस्ट कशाला हवी? आणि बरोबरच म्हणेल. ही खुर्ची गेली तर मला वारज्यात कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापलीकडे काम नाही, आणि तेही जमत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

योगेशकडे गेले. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून म्हटलं, “तुमची पाटी चुकीची आहे, ती काढा.” त्याला कळलं असावं. त्याने निळा काढून समोर ठेवला. मी म्हटलं, हा नको. सगळ्या जगाला ऐकू येतो आणि मला येत नाही, असलं मी घरात ठेवणार नाही.

त्याने लाकडाच्या छोट्या पट्टीवर तीन सुटे स्विच बसवलेले होते, ती माझ्यापुढे सरकवली. माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलला, “मॅडम, आवाजाचं सोडा. डोळे मिटा, बोटाला विचारा.”

लाल सरळ तळाला गेला, कुठे लागला, कुठे नाही, पत्ता नाही. निळ्याला एक खटका होता, पण पोकळ. ब्राऊन अर्ध्यावर आला आणि बोटाखाली बारीकसं टेंगूळ लागलं. अक्षर उमटलं हे बोटाला तिथेच कळलं, कानाला विचारायची गरजच पडली नाही. मी त्या टेंगळाला हसले होते, पैसे देऊन कशाला म्हणून. दहा-बारा वेळा दाबलं. गिऱ्हाईकं खोळंबली होती, खोळंबू देत.

म्हटलं, निळे सगळे उपटा आणि त्याच कीबोर्डात हे बसवा. तो म्हणाला, वर्षानुवर्षं हलायचा नाही. म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त टिकला तर नातवाला होईल. नातू नाही अजून, ते मैत्रीसमोर बोलत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बोलावलं नसताना दहाला दारात. नम्रताने दार उघडलं. साहेब खुर्चीत, हातात काठी, तोंड खिडकीकडे. मी लॅपटॉप उघडला, कीबोर्ड जोडला. ते म्हणाले, “कोण? बाई? अहो, मी थांबवलंय ना.”

वाक्य बसमध्ये तीन प्रकारे पाठ केलं होतं. एकही आलं नाही. म्हटलं, “साहेब, तुमचं डोकं ठिकाणावर आहे. माझे कान गेलेत. तुम्ही साठलं म्हणाला होतात. साठ म्हणाला होतात, सोडलं म्हणाला होतात. मला ‘स’ ऐकू येत नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायला लाज वाटली.”

कुणी काही बोललं नाही. बोललं असेल तर मला आलं नाही ऐकू. मग साहेबांनी काठी बाजूला ठेवली आणि तोंडावरून दोन्ही हात फिरवले, खूप वेळ. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं आता हाकलतात. ते म्हणाले, “चार रात्री झोप नाही हो बाई मला.” मी मान खाली घातली.

मग नम्रताने माझी खुर्ची उचलली. उचलली म्हणजे खरोखर उचलली आणि साहेबांच्या खुर्चीला गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ आणून ठेवली, माझं तोंड त्यांच्या तोंडासमोर. म्हणाली, “बसा.” भुवई या वेळी गप्प होती.

साहेबांनी घसा खाकरला. “प्रकरण अकरा. पहिल्यापासून घेऊ.” आणि सुरू झाले. पाऊस, दार, कंदील, सगळं नीट येत होतं, ओठ दिसत होते. पातळीपाशी आल्यावर त्यांचा आवाज पुन्हा खाली गेला. धरणात पाणी… आणि पुढचं गेलं.

बोटं थांबली. चौतीस वर्षं आणि वर ही सगळी, तोंडात कधी न आलेले दोन शब्द. हेडक्लार्कचा चष्मा दिसला, रंगरावचा पुढे केलेला कान दिसला.

“साहेब,” मी म्हटलं, “पुन्हा सांगा.”

“साठलं, बाई!” ते ओरडले. खालून योगेशने काय झालं म्हणून वर हाक दिली म्हणे. “पाणी साठलं! मी बघितलं होतं, साठलं होतं!”

मी ‘स’ दाबला. बोटाखाली टेंगूळ लागलं.